बँडसॉचं पातं दर वेळी जोडाशेजारीच तुटतंय

खटपट्या
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. बँडसॉची, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या करवतीची, तयार पाती घेणं सोडून गुंडाळीवरून पट्टी कापून स्वतःच जोडायला लागलो, त्याला दीड महिना झाला. बाय-मेटल पातं आहे (पाठ एका पोलादाची, दाते दुसऱ्या), 27 × 0.9 मिमी, दाते 4/6, म्हणजे इंचाला चार ते सहा. मशीन आडवं, धातू कापायचं, चाकं 350 मिमीची. जोडायला एक जुना बट वेल्डर (दोन टोकं टेकवून करंटने जोडणारं यंत्र) हाती लागलाय आणि तो चालतोही व्यवस्थित.

जोड दिसायला झकास येतो. दोन्ही अंगांना एकसारखा फुगलेला वरंबा, कुठे भोक नाही की फट नाही. वरंबा घासून सपाट करतो, मग अ‍ॅनीलचं (जोड पुन्हा तापवून मऊ करायचं) बटण दाबून जोड लालभडक करतो, बटण सोडतो, गार झाला की पातं चढवतो. आणि दहाव्या मिनिटाला फटाक! एक तर टेन्शन देतानाच गेलं. आतापर्यंत पाच पाती गेली. वेल्डरची हीट वाढवून पाहिली, कमी करून पाहिली, फरक शून्य. काय चुकतंय?

कानस
तुटतंय नेमकं कुठे? जोडाच्या रेषेवर की रेषेच्या बाजूला? आणि तुटलेलं तोंड भिंगाखाली कसं दिसतं? हे कळल्याशिवाय हीटची बटणं फिरवत बसू नकोस.

खटपट्या
रेषेवर नाही. दोन-अडीच मिलिमीटर सोडून बाजूला, पाचही वेळा. तोंड करडं आहे आणि साखरेच्या खड्यासारखं चमचमतं. कडेला जराही वाकलेलं नाही, काच तुटावी तसं तुटलंय.

कानस
मग तुझं वेल्ड चांगलं आहे, बिचाऱ्याला उगाच शिव्या देतोयस. वेल्ड कच्चं असतं तर रेषेवरच सुटलं असतं आणि तोंडावर काळे ठिपके किंवा न जुळलेले चट्टे दिसले असते. तुझ्या पात्याला जोडाच्या बाजूला पाणी चढलंय, म्हणजे ती जागा कडक आणि ठिसूळ झालीय.

खात्री करायला एक कर. तुटलेला तुकडा शेगड्यात (व्हाइसमध्ये) धर, दात्यांची बाजू खाली, पाठ वर. एखादी जुनी बारीक कानस घे आणि जोडापासून लांबून जोडाकडे हळूहळू ढकलत ने. पाठीवर कानस नीट चावत येईल आणि एका ठिकाणी एकदम घसरेल. ती जागा आणि तुटायची जागा एकच निघाली तर निदान पक्कं.

खटपट्या
अरे देवा. अगदी तस्संच झालं. लांबवर कानस चावते, जोडापासून तीनेक मिलिमीटरवर आली की काचेवरून सरकल्यासारखी सर्रकन जाते, आणि बरोबर जोडावर परत थोडी चावते. पण मी तर अ‍ॅनील करतोय! तेही चांगलं लाल करून!

झाळकरी
तिथेच गोम आहे बाळा. ‘चांगलं लाल’ हाच तुझा रोग आहे.

जरा लांबण लावतो, सहन कर. बट वेल्डरमध्ये होतं असं, की ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज अगदी कमी देतो पण करंट प्रचंड. दोन टोकं जिथे टेकतात तिथे रोध सगळ्यात जास्त, म्हणून तिथेच धातू तापतो, लोण्यासारखा मऊ होतो, स्प्रिंग दोन्ही जॉ (पातं पकडणारे जबडे) एकमेकांकडे ढकलते आणि टोकं एकमेकांत दाबली जातात. हे सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते एवढ्यात. पण त्यानंतर काय होतं? दोन्ही बाजूंना जाडजूड थंडगार जॉ आहेत. ते उष्णता शोषून घेतात. म्हणजे तू पाण्यात बुडवलं नाहीस तरी पोलाद झपाट्याने गार होतं. साधं कार्बन पोलाद सुमारे 727 अंशांच्या वर तापवून झटकन गार केलं की कडक आणि ठिसूळ होतं, त्यालाच आपण पाणी चढणं म्हणतो. मिश्र पोलादाचा आकडा थोडा मागेपुढे होतो एवढंच. आणि बाय-मेटलची पाठ मिश्र पोलादाची असल्यामुळे तिला पाणी साध्या कार्बन पोलादापेक्षा सहज चढतं. म्हणून जोडल्याजोडल्या प्रत्येक जोड ठिसूळच असतो. तुझाही, माझाही, कारखान्यातलाही.

आता ते पाणी उतरवायचं म्हणजे पुन्हा तापवायचं, पण त्या हद्दीच्या खाली राहून. तू करतोस लालभडक. तो रंग म्हणजे साडेसातशे-आठशेच्या घरातलं तापमान. म्हणजे तू हद्द पुन्हा ओलांडलीस. वर बटण एकदम सोडलंस. जॉ पुन्हा उष्णता प्यायला टपलेलेच आहेत. पाणी उतरवायच्या नावाखाली तू पाणी नव्याने चढवतोयस.

आणि एक विचारायचं राहिलं. अ‍ॅनील करताना पातं जॉमध्ये कुठे धरतोस? वेल्ड केलं त्याच जागी, त्याच अंतरावर?

खटपट्या
हो काका. सोडवून पुन्हा बसवायचा कंटाळा करतो. खरं सांगायचं तर वेगळं धरायचं असतं हेच माहीत नव्हतं.

झाळकरी
वेल्डच्या वेळी जॉ जवळजवळ असतात. त्याच जागी तापवलंस तर मधला चिंचोळा पट्टाच लाल होतो, आणि त्याच्या कडेचा कडक झालेला भाग जॉला चिकटून थंडच राहतो. कानस नेमकी तिथे घसरली, बघ. बहुतेक वेल्डरवर जॉ लांब सरकवायची सोय असते, एखादी खूण किंवा दुसरी खाच असेल, शोध. जॉ लांब कर, जोड बरोबर मध्यावर आण. रुंद पट्टा तापला पाहिजे.

मग दिवा बंद कर. खरंच बंद कर, निदान अंगाची सावली तरी पाड. उजेडात रंग फसवतो. बटण सलग दाबून धरायचं नाही. टक, थांब, टक, थांब. जोड आधी पिवळसर होईल, मग जांभळा, मग निळा, मग राखाडी, आणि मग अंधारात जेमतेम जाणवेल असा काळपट लाल. बाय-मेटलला बस्स. त्याच्या पुढे नाही. आता उलटा प्रवास. टिचक्या चालूच ठेवायच्या, पण दोन टिचक्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं. लाल विझला तरी आणखी पाच-सहा टिचक्या. हे करताना मी मनातल्या मनात आकडे मोजतो, दर खेपेला एक आकडा जास्त. हसू नका, चालतं ते.

साध्या कार्बन पोलादाचं पातं असेल तर किंचित जास्त लाल चालतं. बाय-मेटलच्या दात्यांना मात्र हात लावू नकोस, ते हायस्पीड पोलाद आहे. ते हवेतही कडक होतं, त्याची गणितं वेगळी.

गुण्या
झाळकरी काकांनी मूळ दुखणं पकडलंच आहे. पण खटपट्या, तू टोकं कशी कापतोस ते सांगितलं नाहीस. अर्धी लढाई तिथे असते.

खटपट्या
कात्रीने कापतो, गुण्या लावून काटकोन बघतो, जरा तिरकं वाटलं तर ग्राइंडरवर टेकवतो. प्रत्येक टोक वेगवेगळं.

गुण्या
वेगवेगळं घासायचं नाही. दोन्ही टोकं एकत्र धर, पण एकाचे दाते वर आणि दुसऱ्याचे दाते खाली राहतील असं एक टोक पलटवून. पाठी-दाते, पाठी-दाते अशी जोडी जुळव आणि दोन्ही एकाच वेळी ग्राइंडरला लाव. आता तुझा हात एक अंश तिरका गेला तरी बिघडत नाही, कारण टोक पलटवून जागेवर आणलंस की एकाचा तिरकेपणा दुसऱ्याच्या उलट पडतो आणि दोन्ही टोकं फटीशिवाय बसतात. उजेडासमोर धरून बघ, रेघही दिसणार नाही. एका बाजूला फट राहिली की करंट टेकलेल्या बाजूनेच घुसतो, ती बाजू जळते आणि दुसरी कच्ची राहते.

कात्रीने कापताना कडेला बूर येतो आणि टोक किंचित वाकतं. ते वाकलेलं पूर्ण घासून काढ. जॉमध्ये जाणारा भागही दोन्ही बाजूंनी चकचकीत कर. गुंडाळीवर तेल असतं, गंज असतो. तेलकट पातं धरलंस तर जॉपाशी ठिणगी पडते, जॉला खड्डा पडतो, आणि पुढचा प्रत्येक जोड त्या खड्ड्याची किंमत मोजतो.

आता दाते. वेल्ड होताना काही मिलिमीटर धातू खाल्ला जातो. तो हिशेबात धरला नाही तर जोडाच्या जागी दोन दात्यांमधलं अंतर चुकतं, आणि पातं दर फेरीला त्या एका दात्यावर गचका खातं. किती खाल्ला जातो हे वेल्डर, जाडी आणि स्प्रिंगचं प्रेशर यावर ठरतं. म्हणून कुणाला विचारू नकोस, मोज. भंगारातल्या दोन तुकड्यांवर टोकापासून 50-50 मिमीवर रेघ ओढ, जोड, पुन्हा मोज. शंभरात जेवढे कमी भरले तेवढा तुझ्या वेल्डरचा घास. मग टोकं अशी घास, की तो घास गेल्यावर जोड दोन दात्यांच्या मधल्या खाचेत पडेल आणि अंतर शेजारच्यासारखंच राहील. 4/6 मध्ये अंतरं मुळातच बदलती असतात, त्यामुळे एक-दोन दशांश इकडेतिकडे खपून जातं. पण सेटची (दाते डावी-उजवीकडे वाकवलेले असतात त्याची) पाळी मोडू देऊ नकोस. डावा, उजवा, सरळ असा क्रम असेल तर जोडावरही तोच क्रम यायला हवा.

सुतारपक्षी
मी लाकडाचं मशीन चालवतो, 13 × 0.6 ची साधी कार्बनची पाती. माझ्याकडे बट वेल्डर नाहीच. चांदीच्या झाळाने जोडतो. टोकं तिरपी घासून एकावर एक चढवायची, मधे फ्लक्स (झाळ नीट वाहावा म्हणून लावायचा लेप), चांदीच्या झाळाची पातळशी चकती, वरून गॅसची ज्योत. कुणी अजून करतं का, की मीच एकटा जुनाट?

झाळकरी
नावातच झाळ आहे रे माझ्या.

झाळाची खरी गंमत तपमानात आहे. 56 टक्के चांदीचा झाळ साधारण 620 ते 650 अंशांत वितळतो. म्हणजे पोलादाला पाणी चढायच्या हद्दीच्या खालीच काम उरकतं. झाळ वाहायला लागला की लगेच ज्योत बाजूला घेतलीस तर पाणी चढत नाही, मग उतरवायचं कामच उरत नाही. खटपट्याला जो ताप झाला तो इथे मुळातच नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळ. तिरपी बाजू पात्याच्या जाडीच्या निदान पंधरा-वीस पट लांब ठेव. 0.6 च्या पात्याला दहा-बारा मिलिमीटर. चढवलेली जागा घासल्यावर मूळ जाडीएवढीच राहिली पाहिजे. आणि झाळ घेताना कॅडमियम नसलेलाच घे. कॅडमियमचा धूर विषारी, आणि तो नाकाला सांगून जात नाही.

ठिणगी
एवढा खटाटोप कशाला? टिग वेल्डर घ्या, दोन टोकं टेकवा, एक टिपका, खेळ खलास. मी पाच वर्षं असंच करतोय.

कानस
टिगने होतं, मान्य. पण तू हे सांगितलं नाहीस की नंतर ज्योतीने पाणी उतरवतोस की नाही. खाली तांब्याची पट्टी ठेवतोस की नाही. पातळ पात्याची कड जळून आत खचते, तिथे काय करतोस?

ठिणगी
तांबं ठेवतो, त्याला बारीक खाच आहे. कडेला त्याच पात्याचे दोन तुकडे लावून तिथून सुरुवात आणि तिथेच शेवट करतो, म्हणजे खड्डा त्या तुकड्यात पडतो, पात्यात नाही. आणि हो, नंतर गॅसने काळपट लाल. तेवढं लिहायचं राहिलं.

कानस
तेवढं नाही हो, तेच तर सगळं आहे! बाकी तुमचं म्हणणं कबूल.

सुतारपक्षी
मिग वेल्डरने केलेले जोड पाहिलेत का कुणी? आमच्या एका मित्राने केला होता. जोडावर राहिलेल्या गोळ्याने गाइडची (पातं सरळ धरून ठेवणारी) बेअरिंगं फोडली.

खटपट्या
काका, गुण्या, काल रात्री दिवा बंद करून बसलो. घरचे विचारायला आले, अंधारात काय चाललंय म्हणून.

भंगारात मोजलं, शंभराचे साडेशहाण्णव झाले. माझ्या वेल्डरचा घास साडेतीन मिलिमीटर. जॉ लांब करायची खाच सापडली, रंगाखाली बुजली होती. पहिल्या तुकड्यावर पुन्हा जास्त लाल झालं, दुसरा जमला. कानस पाठीवरून सगळीकडे सारखी चावली. मग वाकवून पाहिलं. आधीचे तुकडे थोडं वाकवलं की कट्कन जायचे. हा दोन्ही बाजूंना गोल वाकला.

गुण्या
वाकलं एवढ्यावर खूश होऊ नकोस, कसं वाकलं ते बघ. जोड वरच्या बाजूला मध्यावर ठेवून कमान कर, साधारण तुझ्या चाकाएवढ्या गोलाईची. कमान एकसारखी गोल यायला हवी. जोडापाशी ती सपाट राहिली तर अजून कडक आहे. जोडापाशीच टोकदार मोडली तर जरुरीपेक्षा जास्त मऊ, तिथेच सगळं वाकणं गोळा होईल.

खटपट्या
गोल आहे, अगदी किंचित टोकदार. मग हिंमत करून पूर्ण लांबीचं जोडलं. चाकांच्या मध्यातलं अंतर 900 धरून दोनदा 900 आणि वर 350 चा परीघ, 1100 च्या आसपास, एकूण 2900. त्यात घासाचे साडेतीन. जोड सुंदर. पण पातं जमिनीवर ठेवतोय तर ते सपाट बसेना! इकडून दाबलं की तिकडून उठतं. दाते बरोबर, पाठ सरळ, आणि तरीही सापासारखं पीळ घेऊन बसलंय. हे कसलं भूत?

कानस
हाहाहा. जोडायच्या आधी पातं एकदा पूर्ण पिळलं गेलं तुझ्या हातून. अर्धा पीळ पडला असता तर दात्यांसमोर पाठ आली असती आणि तुला लगेच कळलं असतं. पूर्ण पीळ पडला की दात्यांसमोर दातेच येतात, सगळं जुळतं, आणि फसतो माणूस. काप आणि पुन्हा जोड. हे प्रत्येकाकडून एकदा होतंच. माझ्याकडून दोनदा झालंय.

दाते उलट्या दिशेला आले तर मात्र कापू नकोस, पातं आतबाहेर उलटवलं की दिशा बदलते. ते करताना हातमोजे आणि चष्मा. गुंडाळीची तार कापतानाही. गुंडाळलेलं पातं म्हणजे दाबलेली स्प्रिंग, कुठे उसळेल सांगता येत नाही. मशीन चालू असताना मात्र हातमोजे काढायचे, ते दात्यात ओढले जातात.

दोरीमाप
मधेच तोंड घालतो. खटपट्या, तुझी चाकं 350 ची आणि पातं 0.9, हे जरा ताणलेलं गणित आहे. चाकावर वाकताना बाहेरच्या कडेवर येणारा ताण म्हणजे जाडी भागिले चाकाचा व्यास गुणिले पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक. 0.9 भागिले 350 गुणिले 2,10,000, म्हणजे 540 न्यूटन प्रति चौरस मिमी. 0.6 च्या पात्याला हाच आकडा 360 येतो. त्यावर पातं ताणल्याचा ताण वेगळा. आणि हे एकदा होत नाही. 2.9 मीटरचं पातं मिनिटाला 40 मीटर वेगाने फिरलं तर मिनिटाला जवळपास 14 फेऱ्या, दर फेरीला दोन चाकांवर वाकणं, तासाला साडेसोळाशे वेळा. जोडावर आडवा एखादा ओरखडा असेल तर चीर तिथूनच सुरू होते. म्हणून वरंबा काढल्यावर शेवटचं घासणं नेहमी पात्याच्या लांबीच्या दिशेने कर, आडवं नको.

सुतारपक्षी, तुमचं पातं साधारण एवढंच लांब असेल आणि मिनिटाला 900 मीटरने पळत असेल तर खटपट्याच्या तासाभराची वाकणी तुमच्या जोडावर तीन मिनिटांत होतात. झाळावर टिकवताय म्हणजे हात चांगला आहे.

सुतारपक्षी
आज बायकोला वाचून दाखवतो हे.

खटपट्या
नवीन पातं चढवलं. चालतंय! पण दर फेरीला गाइडपाशी ‘टक’ असा आवाज येतो. घड्याळ लावल्यासारखा.

गुण्या
जोड जाड राहिलाय किंवा पाठीला पायरी आहे. मायक्रोमीटर लाव. पाठीवर लांब पट्टी टेकवून उजेड बघ.

खटपट्या
जोडावर 1.04, बाकी सगळीकडे 0.9. पाठ सरळ आहे. भीतीपोटी कमी घासलं होतं. आता 0.92 वर आणलं, लांबीच्या दिशेने, आणि घासल्यावर पुन्हा एकदा हलकं तापवून घेतलं. आवाज गेला. पहिली काही मिनिटं फीड (पातं कामात उतरायचा वेग) निम्मं ठेवलंय.

झाळकरी
घासल्यावर दुसऱ्यांदा तापवलंस हे बरं केलंस. सांगायचं राहूनच गेलं होतं.

खटपट्या
तीन आठवड्यांनी लिहितोय. पातं आज उतरवलं. तुटलं म्हणून नाही, दाते बोथट झाले म्हणून. माझ्याकडे असं पहिल्यांदाच झालं.

कानस
फेकू नकोस. जोडाचा तुकडा कापून ठेव, पुढच्या वेळी रंग ओळखायला नमुना होईल. हाताने वाकवून तोडून बघ बरं, कुठे तुटतो ते.

खटपट्या
प्रयत्न केला. तुटेना, शेवटी कात्री घ्यावी लागली.